मजुरी आधी, दान नंतर
वाचकांचे प्रश्न

न्यायाने वागा, दयेची आवड धरा, देवासमोर नम्रपणे चाला: बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर वाचकांची पत्रं आली आहेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. वचन शब्बाथशाळेपासून पाठ आहे, पण घरात, दुकानात, पंचमंडळीच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या, बैठकीत त्याचं करायचं काय? काही पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे सहा वर्षं एक बाई धुणी-भांडी आणि फरशीला येतात. पगार साडेतीन हजार. मी त्यांना कपडे देते, नाताळात फराळ आणि साडी देते, त्यांच्या मुलीच्या फीलाही एकदा पैसे दिले. आता त्या हजार रुपये वाढवून मागताहेत. इतकं करूनही मागणं संपत नाही याचं वाईट वाटतं. मी दयेत कमी पडते का? (एक गृहिणी, पुणे)

उत्तर : दयेत तुम्ही कमी पडत नाही. अडचण त्याआधीच्या पायरीवर आहे. मीखा ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला, यहूदातल्या मोरेशेथ या लहानशा गावचा. त्याच्या काळात बडी माणसं गरिबांची शेतं आणि घरं बळकावत होती आणि तीच माणसं मंदिरात अर्पणं घेऊन उभी राहत होती. सहाव्या अध्यायात भक्त विचारतो, काय आणू? वर्षाची वासरं? हजारो मेंढे? तेलाच्या लाखो नद्या? शेवटी तो पोटच्या थोरल्या मुलापर्यंत येतो. देणगी वाढत जाते, पण शेजाऱ्याचं काय देणं लागतो हे तो एकदाही विचारत नाही. देवाचं उत्तर नेमकं तिथे बोट ठेवतं. न्याय पहिला आला आहे तो यासाठीच.

तुमची साडी आणि फी ही देणगी आहे, पगार हे देणं आहे. देणगीने देणं फिटत नाही. आता हिशेब मांडू. रोज अडीच तास आणि महिन्याला २६ दिवस धरले तर ६५ तास होतात. साडेतीन हजाराला तासाचे जेमतेम ५४ रुपये पडतात. शेवटची वाढ कधी झाली ते आठवा. तीन-चार वर्षं झाली असतील तर तेवढ्या काळात तेल, गॅस आणि भाडं किती वाढलं ते तुमच्याच घरखर्चाच्या वहीत दिसेल. वस्तीत चार घरी विचारा आणि सर्वांत कमी दर सांगेल त्याचा आधार घेऊ नका.

मग बाईंसोबत बसून एका कागदावर या गोष्टी लिहा: कोणकोणती कामं, किती वेळ, पगार किती, कोणत्या तारखेला, आठवड्याची सुट्टी कोणती, आजारपणाच्या पगारी सुट्ट्या वर्षाला किती. आम्ही किमान बारा सुचवू. तुम्ही गावाला गेलात तर त्या दिवसांचा पगार कापायचा नाही, कारण सुट्टी तुम्ही घेतली आहे. पाहुणे आले आणि भांडी दुप्पट झाली तर त्या दिवसाचे जादा पैसे त्याच दिवशी द्या. वाढ दर जानेवारीला, न मागता. उचल दिली असेल तर दरमहा पगाराच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका, नाहीतर बाई दुसरीकडून व्याजाने काढतात आणि तुमची मदत सावकाराच्या घरी जाते.

तारीख पाळणं सर्वांत महत्त्वाचं. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नये, असं बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. बायबलच्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात सूर्य मावळायच्या आत द्या असं म्हटलं आहे आणि कारणही दिलं आहे: तो गरीब आहे, त्याचं मन तिकडे लागलेलं असतं. ‘सुट्टे नाहीत, उद्या घ्या’ हे वाक्य आपल्या घरांत फार सहज निघतं. आणि एक गोष्ट. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. बाईंची नोंदणी झाली नसेल तर चौकशीला त्यांच्यासोबत जा आणि तुमच्याकडे काम करत असल्याचा दाखला लागला तर तो बिनतक्रार द्या.

साडी देणं थांबवू नका. पगार नीट झाला की ती साडी खरी भेट ठरते, कारण मग ती कशाच्या बदल्यात नसते.

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. दोन वर्षं काट्यात फरक होता, मला माहीत होतं. साधारण किलोमागे ५० ग्रॅम. आता मन खातं. देवाकडे क्षमा मागितली, पण शांती नाही. गिऱ्हाईक कोण कोण होतं तेही आठवत नाही. (एक दुकानदार, जालना)

उत्तर : मीखाच्या त्याच अध्यायात, तीनच वचनं पुढे, खोट्या तराजूचा आणि लबाडीच्या वजनांच्या पिशवीचा उल्लेख आहे. म्हणजे तुम्ही अगदी नेमक्या जागी पोहोचला आहात. मन खातं आहे ते चांगलंच आहे. फक्त प्रार्थनेने ते शांत व्हावं अशी अपेक्षा शास्त्राचीच नाही. लेवीयच्या सहाव्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे. फसवून घेतलेलं मूळ पूर्ण परत करायचं, त्यावर पाचवा हिस्सा घालायचा आणि मग दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचं अर्पण. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर चौपट देऊ केलं.

आधी आजचा काटा. वैध मापन शास्त्र विभागाकडून तपासून शिक्का मारून घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करावी लागते. प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावा आणि शेजारी एक किलोचं प्रमाणित वजन ठेवा, म्हणजे कोणालाही स्वतः ताडून पाहता येईल.

मग आकडा काढा. हे टाळू नका, कारण मोघम पश्चात्तापाला शेवट नसतो. समजा रोज ३० किलो सुटा माल विकला जायचा. ५० ग्रॅमप्रमाणे दीड किलो होतो. सरासरी भाव ५० रुपये धरला तर रोजचे ७५ रुपये, २६ दिवसांचे १,९५०, दोन वर्षांचे ४६,८००. पाचवा हिस्सा ९,३६०. एकूण ५६,१६० रुपये. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशेब असाच मांडा आणि शंका आली तर तुमच्या विरुद्ध धरा.

उधारीच्या वहीत ज्यांची नावं आहेत त्यांचं नुकसान त्यांच्याच खात्यात वजा करा आणि कारण सांगा. हा सर्वांत अवघड भाग आहे. ‘तुमच्या मालात माझ्याकडून कमी गेलं, ही ती रक्कम’ इतकं पुरे. परिस्थितीची कहाणी सांगत बसू नका, ती ऐकणाऱ्याला ओझं वाटते. काही जण रागावतील, एखादा दुकान बदलेल. तो त्यांचा हक्क आहे. आपली फसवणूक झाली तिथे तक्रार करण्याचाही त्यांना हक्क आहे, त्यांनी तो वापरू नये अशी विनवणी करू नका.

ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांचं काय? नुकसान भरून घ्यायला कोणी नातलग उरला नसेल तर ते परमेश्वराकडे, म्हणजे याजकाकडे जावं, असं बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. ती रक्कम गरिबांच्या कामाला द्या, पण पावतीवर ‘दान’ म्हणून नाव लावू नका आणि दशमांशात, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या हिश्शाच्या अर्पणात, मोजू नका. ती तुमची नव्हतीच. एकदम जमत नसेल तर बारा हप्ते करा आणि पाळकसाहेबांना किंवा फादरांना तारखा सांगून ठेवा, म्हणजे विचारणारा कोणीतरी राहील. नेहमी घसरतं ते तिसऱ्या-चौथ्या हप्त्याला. अपराधाची टोचणी तोवर कमी झालेली असते.

प्रश्न : आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) नाताळाआधी गरजू कुटुंबांना रेशनचे पुडे देतात. उपासनेनंतर नावं पुकारतात, फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात. दोन विधवा बहिणी यंदा आल्याच नाहीत. कमिटी म्हणते, फोटो नसेल तर दाते हिशेब मागतात. (तरुण संघाचा कार्यकर्ता, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : दात्यांना हिशेब मिळालाच पाहिजे, पण तो गरजूंच्या चेहऱ्यांनी देऊ नये. हिशेब कागदाने द्यायचा असतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल गरिबांसाठीच्या वर्गणीची व्यवस्था सांगतो. तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर त्याने मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू पाठवला, म्हणजे इतक्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये. प्रेषितालाही दुसऱ्याची साक्ष लागली, मग आपल्या खजिनदारांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

दानार्पण मोजायला दर रविवारी तिघं असावीत, एकमेकांच्या नात्यातली नसावीत, खजिनदार त्यात नसावा. मोजणी चर्चमध्येच, उपासना संपल्याबरोबर. रकमेची चिठ्ठी दोन प्रतींत, तिघांच्या सह्यांसह. पैसे सोमवारी बँकेत. गोंधळ बहुधा दोन जागी होतो. ‘आज घरी नेतो, उद्या भरतो’ ही एक. थाळीतल्या पैशांतूनच वायरमनला किंवा मंडपवाल्याला देऊन टाकणं ही दुसरी. त्यात चोरी नसतेही, पण जमा कमी दिसते, खर्चाला पावती राहत नाही आणि वर्षाअखेर प्रामाणिक माणसावर संशय येतो. मदतीच्या निधीला वेगळं खातेपान ठेवा. दात्यांना तिमाहीला एक पान द्या: जमा किती, कुटुंबं किती, कुटुंबामागे खर्च किती, शिल्लक किती. नावं नकोत, फोटो नकोत.

गरजूंची यादी पाळक आणि दोन पंच एवढ्यांपाशीच राहू द्या, त्यातली एक स्त्री असावी. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर झाली, तेव्हा वाटपासाठी सात जण नेमले गेले. ती सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्यातल्या माणसांच्या हाती वाटप गेलं असावं, असं त्यावरून दिसतं. तुमच्या यादीच्या कमिटीत कधीकाळी स्वतः मदत घेतलेलं कोणी आहे का, पाहा.

पुड्यांऐवजी जवळच्या किराणा दुकानाचं कूपन द्या. पंधराशेचं कूपन असेल तर घरच्या बाईला तांदूळ हवा की तेल, की लहान मुलासाठी दूध पावडर, हे ती ठरवते. पुड्यांत ठरावीक पाच किलो गहू येतो आणि दळणाचे पैसे तिलाच घालावे लागतात. मोशेच्या नियमशास्त्रात शेतमालकाने कडेचं पीक कापायचं नाही आणि पडलेलं वेचायचं नाही असं आहे. गरीब आणि परका स्वतः येऊन वेचून नेतो. धान्य त्याच्या हातात कोणी ठेवत नाही, तो आपल्या हाताने घेतो.

पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा केडगावला आणल्या, तेव्हा तिथल्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये अन्नाबरोबर कामही उभं केलं: शिक्षण, विणकाम, शेती, छापखाना. रमाबाई १९२२ साली वारल्या आणि त्यांनी केलेला मराठी बायबलचा अनुवाद पुढे त्याच छापखान्यात छापून झाला. तुमच्या मंडळीला छापखाना काढायचा नाही. पण त्या दोन बहिणींना पुडा हवा आहे की शिलाई मशीनची दुरुस्ती, की अडकलेल्या पेन्शनच्या अर्जासाठी तहसीलला सोबत, हे एका बहिणीने घरी जाऊन विचारावं. फोन करून नव्हे, आणि चौघांनी मिळून तर नव्हेच.

प्रश्न : नवरा मारतो. पंचांनी दोनदा बैठक घेतली. दोन्ही वेळा त्याने माफी मागितली, मला ‘सत्तर वेळा सात’ क्षमा करा या येशूच्या शब्दांची आठवण करून देऊन परत पाठवलं. मी क्षमा केली नाही तर माझा विश्वास कमी पडतो का? (एक बहीण)

उत्तर : नाही. आणि त्या बैठकीत तुम्हाला अर्धंच शास्त्र सांगितलं गेलं. क्षमा म्हणजे मनातला सूड देवाच्या हाती सोपवणं. मार खायला परत जाणं हा तिचा भाग नाही. बाप्तिस्मा करणारा योहान पश्चात्तापाला साजेशी फळं मागतो, आणि लोक ‘आम्ही काय करावं’ विचारतात तेव्हा प्रत्येकाला त्याच्या धंद्यातलं नेमकं उत्तर देतो. जकातदाराला ठरल्याहून जास्त घेऊ नको, शिपायाला दांडगाई करू नको. बैठकीत हात जोडणं हे फळ नव्हे. महिनोन् महिने हात न उचलणं, दारू असेल तर उपचार घेणं, तुम्ही वेगळ्या राहिलात तरी खर्च नियमित देणं, आणि ‘कधी येतेस’ असा तगादा न लावणं, ही फळं.

तातडीचा धोका असेल तर ११२. महिलांची हेल्पलाइन १८१. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा, कोणी मारलं हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि कागदाची प्रत मागून घ्या. आधार, रेशनकार्ड, बँकबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती विश्वासू शेजारणीकडे ठेवा. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे किंवा थेट न्यायालयात अर्ज करता येतो. मारहाण थांबवण्याचा आदेश, खर्च आणि त्याच घरात राहण्याचा हक्क हे सगळं त्यात मागता येतं. घर त्याच्या नावावर असलं तरीही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न विचारलं जात नाही. कायद्याकडे जाणं म्हणजे ख्रिस्ती नात्याचा भंग असं कोणी म्हणालं, तर स्वतः पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली होती हे सांगा.

पंचांनाही एक सांगणं आहे. मत्तय अठरामध्ये आधी एकांतात सांग, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला कळव अशी पायरी आहे. ती दोन सारख्या बळाच्या भावांसाठी आहे, आणि तिचा शेवट प्रकरण दाबण्यात नाही, उघड करण्यात आहे. मारणारा आणि मार खाणारी यांना एका खोलीत समोरासमोर बसवू नका. त्याच्यासमोर ती खरं बोलू शकत नाही आणि बोललीच तर त्याची किंमत रात्री मोजते. तिला एकटीला, बहिणीच्या सोबतीने, आधी ऐका. आणि प्रकरण लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराचं असेल तर बैठकच नको. ज्याला माहिती आहे त्याने पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मुलांची हेल्पलाइन १०९८.

प्रश्न : पंचमंडळीत मी सर्वांत लहान आहे. मिशनच्या जागेच्या भाड्याचा हिशेब विचारला तर ‘नम्र व्हा, वडिलांचा मान ठेवा’ असं ऐकवलं. (एक पंच, सोलापूर)

उत्तर : मीखा स्वतः काय करत होता ते पाहा. पुढारी लाच घेऊन न्याय करतात, याजक मोल घेऊन शिकवतात, संदेष्टे पैशासाठी भविष्य सांगतात, असं तो तिसऱ्या अध्यायात तोंडावर म्हणतो आणि सियोन शेतासारखं नांगरलं जाईल हेही सांगतो. खेड्यातल्या माणसाचे हे शब्द हिज्कीया राजाने ऐकून घेतले. त्याला मारलं नाही, परमेश्वराचं भय धरलं. शंभरेक वर्षांनी यिर्मया संदेष्ट्याला ठार मारायला जमाव निघाला, तेव्हा देशातल्या वडिलांनी हाच दाखला दिला. या प्रसंगात नम्र कोण, तर राजा. नम्रता प्रथम त्याच्याकडून अपेक्षित आहे ज्याच्या हाती चाव्या आहेत.

तुमच्या बाजूने पद्धत सांभाळा. प्रश्न लेखी द्या, बैठकीच्या आठ दिवस आधी, माणसाचं नाव न घेता: कोणती जागा, कोणता काळ, भाडं किती ठरलं, किती जमा, पावतीबुक कुठे. मंडळी सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असेल तर ३१ मार्चला हिशेब बंद करून लेखापरीक्षण व्हावंच लागतं, तो अहवाल मागा. उत्तर बरोबर निघालं तर त्याच बैठकीत तसं उभं राहून सांगा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. ग्रुपवर आधी आणि बैठकीत नंतर असं मात्र कधी करू नका.

प्रश्न : पुतण्याला ४० हजार उसने दिले. दोन वर्षं झाली. मागितले तर दया नाही, सोडले तर डोक्यावर बसेल. (निवृत्त शिक्षक, वसई)

उत्तर : आधी त्याच्या मिळकतीची खरी स्थिती विचारा. देऊ शकत असूनही देत नाही आणि देऊच शकत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असेल तर मागणं हाच न्याय. दरमहा २,००० प्रमाणे २० हप्ते लिहून घ्या, तारखेसह, व्याज न लावता. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सावकाराने तारण आणायला ऋणकोच्या घरात शिरायचं नाही, बाहेर उभं राहायचं, असं सांगितलं आहे. जात्याची तळीही तारण घ्यायची नाही, कारण त्यावर त्याचं पोट आहे. तेव्हा सासरच्या माणसांसमोर विषय काढू नका आणि त्याची रिक्षा किंवा दुचाकी अडकवून ठेवू नका. देऊच शकत नसेल तर पूर्ण माफ करा किंवा निम्मी रक्कम माफ करा, पण जे माफ केलं ते त्याला स्पष्ट आकड्यात सांगा. माफ केलेली रक्कम पुढच्या भांडणात पुन्हा काढायची नाही. त्याला पुन्हा उसने द्यायचे की नाही हा निर्णय वेगळा आहे, आणि तिथे ‘नाही’ म्हणायला तुम्ही मोकळे आहात.